चाळिसाच्या वर न गेलेली गाडी

अर्जुनी मोरगाव तालुक्यात फवारणीचा पंप बिघडला की लोक पुनाराम डोंगरवारांच्या दुकानात जात, आणि घाई असली की नेमके तिथेच जात नसत. कारण पुनाराम पंप नुसता दुरुस्त करत नसत. तो सबंध उघडत, पुसत, एक वायसर गेला असला तरी चारही बदलत, आणि परत देताना पंप कसा ठेवावा यावर गिऱ्हाइकाला उभ्याने अर्धा तास ऐकवत. त्यांच्या हातचा पंप पुढे पाच-सात वर्षं बिघडत नसे. "म्हणून तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही," असं त्यांची बायको धुरपताबाई म्हणत.

जपणूक त्या घराण्यात चालतच आलेली. गावाला लागून असलेला तलाव डोंगरवारांच्याच कोण्या पूर्वजाने बांधलेला, आणि आजही त्याच्या पाण्यावर धान पिकतं. मृग लागण्याआधी पुनाराम त्या तलावाच्या पाळीवरून कमरेत वाकून चालत जात आणि खेकड्यांची बिळं शोधत. एक बीळ नजरेतून सुटलं की पाणी तिथूनच पाळ पोखरतं, हे त्यांना बापाने शिकवलं होतं. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू समोर आली की पुनाराम आधी तिच्यात बीळ कुठे आहे ते बघत.

अशा माणसाने तेरा वर्षांपूर्वी टर्बो इंजिनची, लालभडक, बुटकी, मागे कोंबड्याच्या शेपटीसारखा पंख काढलेली स्पोर्टी हॅचबॅक विकत घेतली, तेव्हा गावाने तोंडात बोट घातलं.

खरं तर ते गोंदियाला पांढरी, शहाण्यासारखी, मागे बियाण्याची चार पोती मावतील अशी गाडी घ्यायला गेले होते. ती दोन महिन्यांनी मिळणार होती. शोरूममधल्या पोराला वेळ घालवायचा होता. तो म्हणाला, "तब तक इसमें बैठिए ना, अंकल." बालाघाट रोडवर मोकळा पट्टा लागताच त्याने पाय दाबला. पुनारामांची पाठ सीटला चिकटली, आणि सत्तेचाळीस वर्षांच्या त्या गृहस्थाच्या तोंडून "हूऽऽ" असा आवाज निघाला. आपल्याच गळ्यातून निघालेला तो आवाज त्यांना ओळखू आला नाही. अर्ध्या तासात त्यांनी कागदांवर सह्या केल्या. घरी सांगितलं, "पांढरी नव्हती."

गाडी घरी आणताना मात्र सडक अर्जुनीच्या अलीकडे एक कालवड आडवी आली. पुनारामांनी ब्रेक दाबला, कालवड शेपटी उडवत निघून गेली, आणि आपल्या पायाखाली काय बांधून ठेवलंय ते त्यांना तेव्हा कळलं. त्या दिवसापासून गाडीचा काटा चाळिसाच्या वर गेला नाही.

गाडीचे नियम ठरले. चप्पल काढून आत बसायचं आणि ती मांडीवर वर्तमानपत्रात धरायची. आत खायचं नाही. ओल्या केसांनी टेकायचं नाही. ऑईल दर सहा महिन्यांनी बदलायचं, मग गाडी हजारच किलोमीटर का फिरलेली असेना. धानाच्या घरात उंदीर असायचेच, आणि उंदरांना गाडीची वायर फार आवडते. म्हणून बॉनेटखाली तंबाखूची पानं टांगलेली आणि कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या. एकदा तिरोड्याचे व्याही आत बसले आणि नाक धरून म्हणाले, "व्याहीबुवा, गाडीत बसलो का बिडीच्या कारखान्यात?" गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं, लांब पळवून आणल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, टर्बो, म्हणजे वेगात इंजिनाला जादा जोर देणारा भाग, थंड होऊ द्यावा. म्हणून पस्तीसच्या वेगाने बाजारातून आल्यावरही पुनाराम दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून अंगणात बसून राहत. टर्बो बिचारा जागाच झालेला नसे, तर थंड काय होणार!

गावातल्या पोरांनी गाडीचं नाव "वरात" ठेवलं. गोंदियाला निघाले की बल्लारशाची पॅसेंजर मागून येई, पुढे जाई, आणि पुनाराम पोहोचेपर्यंत त्या गाडीतली माणसं बाजार करून परतीच्या तयारीला लागलेली असत. पुनारामांना याचं काही वाटत नसे. त्यांची गाडी तेरा वर्षांनीही आरशासारखी होती. त्याच साली दुसऱ्या गावच्या एका सावकाराने घेतलेली गाडी केव्हाच भंगारात गेली, हे ते दर आठवड्याला कुणाला तरी सांगत.

आणि मागच्या दिवाळीनंतर ती आरशासारखी गाडी थरथरू लागली.

सकाळी सुरू केली की हिव भरल्यासारखी हाले. चढावर दम टाके. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तो विझेचना. पुनारामांनी पेट्रोल भरायचा पंप बदलून पाहिला, बॅटरी तपासली, उंदरांचा संशय घेऊन एकेक वायर बोटाने चाचपली. शेवटी नवेगावच्या चढावर मोपेडवरून भाजी नेणाऱ्या जमुनाबाईंनी त्यांना मागे टाकलं, आणि वर जाता जाता वळून विचारलं, "धक्का देऊ का, भाऊजी?" दुसऱ्याच दिवशी पुनाराम धुरपताबाईंना घेऊन गोंदियाला निघाले.

दुर्गाप्रसाद हा गोंदियातला जुना मेकॅनिक. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि खूश होऊन मान हलवली. मग बॉनेट उघडलं, तंबाखूची पानं बाजूला केली, इंजिन सुरू करून ऐकलं आणि त्याची मान हलायची थांबली.

"बाबूजी, गाडी कौन चलाता है?"

"मीच."

"कितने पे?"

"पस्तीस. रस्ता चांगला असला तं चाळीस," पुनाराम अभिमानाने म्हणाले.

दुर्गाप्रसादने हातातला पाना खाली ठेवला. "तेरह साल से?"

दुपारपर्यंत त्याने इंजिनाचं वरचं अंग खोललं आणि टॉर्च मारून पुनारामांना आत बघायला लावलं. वाल्ववर काजळीचा जाड थर बसला होता, भांड्याच्या बुडाला लागलेल्या भाताच्या खरपुडीसारखा. दुर्गाप्रसादने समजावलं, की हे इंजिन पळण्यासाठी बनवलंय. ते नीट तापलंच नाही, जोरात फिरलंच नाही, तर काजळी साचतच जाते. "इसको कोई बीमारी नहीं है, बाबूजी. ये तेरह साल से घर में बंद है."

वर्गात पहिला येणाऱ्या पोराला गुरुजींनी भरवर्गात कान धरून उभं करावं, तसा पुनारामांचा चेहरा झाला होता. ऑईल वेळेवर, कूलंट वेळेवर, एक ओरखडा नाही, आणि दुखणं निघालं ते जपण्यातूनच. धुरपताबाई बाकड्यावर बसून चहा पीत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते.

टायरांवरून आणखी एक खटका उडाला. दुर्गाप्रसाद म्हणाला चारही बदला. पुनाराम म्हणाले, "काऊन? नक्षी पहा ना, नवी कोरी आहे!" दुर्गाप्रसादने टायरच्या बगलेत नख घातलं. रबर उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या धानाच्या बांधीसारखं तडकलं होतं. टायर घासून म्हातारा होतो तसा बसूनही होतो, हे पुनारामांना त्या दिवशी समजलं. ते सत्तेचाळीस वर्षांचे होते तेव्हाचे टायर. आज साठी आली होती.

दोन दिवसांनी गाडी साफ होऊन मिळाली. दुर्गाप्रसादने औषध लिहून द्यावं तशी चिठ्ठी दिली. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाचा काटा साडेतीन हजारांवर. "स्पीड मत देखना. काँटा देखना."

पहिल्या रविवारी पुनाराम एकटेच गेले आणि पंधरा मिनिटांत परत आले.

"झालं," ते म्हणाले.

"किती गेला काटा?" धुरपताबाईंनी विचारलं.

"अडीच."

"साडेतीन सांगतलं होतं ना त्यानं?"

"आवाज लय करते वो. तिले त्रास होऊन राहिला असं वाटते."

दुसऱ्या रविवारी काटा अडीचवरून तेवीसशेवर उतरला. तिसऱ्या रविवारी पुनारामांना पंप दुरुस्तीचं तातडीचं काम निघालं. ऐन जानेवारीत पंपाचं तातडीचं काम काय असणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. चौथ्या रविवारी धुरपताबाई चप्पल पायात ठेवूनच गाडीत येऊन बसल्या. पुनाराम चपलेकडे बघत राहिले.

"पाहून का राहिले? चला," त्या म्हणाल्या. "तुमच्या बुढ्यानं तलाव बांधला, तं तुडूम कायले ठेवलं? पाणी सोडाले ना? वरसावरसाले उघडलं नाही तं गाळ बसते, चोकते, हे गावाले कोण सांगते? तुमीच ना?"

तलावातलं पाणी शेतात सोडायचं ते भोक म्हणजे तुडूम. दर वर्षी ते उघडून साफ करण्याबद्दल पुनारामांनी आजवर किती जणांना ऐकवलं असेल, त्याची गणती नाही. त्यांनी गाडी सुरू केली.

कोहमाऱ्याला चौपदरी रस्ता लागला. मागे-पुढे एक ट्रक सोडला तर कोणी नव्हतं. दोन्ही बाजूंना जंगल आणि मधे सरळ डांबर. पुनारामांनी तिसरा गिअर टाकला. काटा दोन हजारांवर आला, अडीचवर आला. त्यांचा पाय तिथे अडला.

"दाबा," धुरपताबाई म्हणाल्या.

"अवो..."

"दाबा म्हणतो ना मी!"

बायकोला टाळायची पुनारामांना चाळीस वर्षांची सवय होती, पण बंद गाडीत टाळून जाणार कुठे? त्यांनी डोळे किलकिले केले आणि पाय दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग कुठेतरी आत, इतकी वर्षं झोपलेलं काहीतरी शीळ घालत उठलं, आणि गाडीने दोघांनाही मागे लोटलं. धुरपताबाईंच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. "हूऽऽ!" त्या ओरडल्या. त्यांनी एका हाताने पुनारामांचं मनगट पकडलं, पण थांबवायला नव्हे.

अर्ध्या तासाने त्यांनी देवरीच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. पिवळा दिवा परत लागला नव्हता.

"असं असते होय हे?" धुरपताबाई म्हणाल्या.

मग पुनारामांनी त्यांना शोरूमच्या पोराची, बालाघाट रोडची आणि आपल्या तोंडून निघालेल्या आवाजाची गोष्ट सांगितली. तेरा वर्षांत पहिल्यांदा. धुरपताबाई आजवर समजून होत्या, की नवऱ्याला तिथल्या सेल्समनने फसवून नको ती गाडी गळ्यात मारली, आणि भोळ्या माणसाला टोचू नये म्हणून त्या विषयावर कधी बोलल्या नव्हत्या.

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"लाज वाटे," पुनाराम म्हणाले. "पोरगं बारावीले होतं. त्याले सांगू, सांभाळून राय, आणि आपण असं हूऽऽ करू?"

यावर धुरपताबाई रागावतील असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी पदर सारखा केला आणि एवढंच म्हणाल्या, "जाताना पुन्हा दाबजा."

तेव्हापासून रविवार ठरलेला आहे. आता सगळा रस्ता ते तिसऱ्या गिअरमध्ये औषध घेतल्यासारखे जात नाहीत. चौथा, पाचवाही पडतो. महाशिवरात्रीला ते तालुक्यातल्याच प्रतापगडच्या जत्रेला गेले, आणि घरून कधी निघाले हे ऐकून तिथे भेटलेल्या गाववाल्यांनी घड्याळं पाहिली. गाडी थरथरत नाही. मात्र तेरा वर्षांत न झालेल्या गोष्टी आता होऊ लागल्या आहेत. काचेला एक खडा लागला. खालच्या पत्र्याला गतिरोधक घासला. तो आवाज ऐकून पुनाराम त्या रात्री जेवले नाहीत, आणि सकाळी उठून स्वतः गाडीखाली शिरले.

मार्चमध्ये नागपूरहून मुलाचा, हिमांशूचा, फोन आला. गाडीच्या कागदांवर त्याचा मोबाईल नंबर होता.

"बाबा, गाडी कुठे आहे?" त्याचा आवाज घाबरलेला होता.

"अंगणात. काऊन?"

"नीट पाहा. चोरीला तर नाही ना गेली? मला चलान आलंय. घाटापाशी साठची मर्यादा, आणि गाडी एकोणऐंशीवर! फोटोपण आहे."

कायदा मोडल्याचं पुनारामांना मनापासून वाईट वाटलं. दंड त्याच दिवशी भरायला सांगितला, आणि त्या घाटात पुन्हा ती चूक केली नाही. पण फोन ठेवण्याआधी त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "फोटोत आम्ही दिसून राहिलो का?"

एप्रिलच्या उन्हात गाडीचा एसी बंद पडला. कंप्रेसर गेला, दुर्गाप्रसाद म्हणाला. कंपनीने हे मॉडेल बंद केलंय, पार्ट नागपूरहून मागवावा लागेल. काचा खाली करून, डोक्याला दुपट्टा आणि पदर गुंडाळून दोघांची फेरी चालूच आहे. पुनाराम दर सोमवारी गोंदियाला फोन लावतात. दुर्गाप्रसाद दर सोमवारी सांगतो, "निकल गया है, बाबूजी, नागपूर से निकल गया है." परवा तिसऱ्यांदा तेच ऐकल्यावर पुनाराम चिडले.

"तीन हप्ते झाले गा! इतकं हळू कोण घेऊन येऊन राहिलं?"