मायनं ओवाळलेलं जहाज

माझ्या भावाचं लढाऊ जहाज सहा महिन्यांनी बंदरात परतलं, ते मायनं आणि मी एका भाड्याच्या होडीत बसून पाहिलं. हे सांगितलं की लोक म्हणतात, वा, काय भाग्य! भाग्य कसलं डोंबलाचं. फाटकातून आत सोडलं नाही म्हणून आम्ही होडीत बसलो होतो.

तेव्हा उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा नवाच झाला होता आणि पावसानं दुसऱ्या वर्षीही दगा दिला होता. जिल्हा झाला, आता पाण्याची चिंता मिटली, असं अहमदपूरच्या स्टँडवर छातीठोकपणे सांगणारे होते. आल्या त्या नव्या पाट्या. वडील नव्हते. माय रोजगार हमीवर खडी फोडायची, मी डी.एड. करून घरी बसलेली. भाऊ नौदलात. दोन-तीन महिन्यांनी त्याचं एखादं पत्र यायचं, त्यात खुशालीपलीकडे काही नसायचं. तरी माय ते उशाखाली घेऊन झोपायची.

नौदलातलाच एक गाववाला सुट्टीवर आला. त्यानं जहाज परतायचा दिवस सांगितला. "घरच्यायची नावं आदी देऊन ठेवावी लागतेत," तो म्हणाला. "तुमच्या पोरानं दिलीच असतील की."

एवढ्यावर मायनं निघायचं ठरवलं. धम्म घेतल्यापासून आमच्या घरात देव नव्हते, अंगारे-धुपारे नव्हते. पण एक गोष्ट तिनं सोडली नव्हती. लांबून घरचं माणूस आलं की उंबरा ओलांडायच्या आधी त्याच्यावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचं. "सा म्हैने पान्यावर हाय लेकरू," ती म्हणाली. "जमिनीला पाय लागायच्या आदी तुकडा ओवाळाय पायजे."

एसटीनं सोलापूर, तिथून रेल्वे. भाकरी फडक्यात आणि पाणी फिरकीच्या तांब्यात. मुंबईत नळ आहेत, असं मी म्हटलं तर तिनं डोळे वटारले. टँकरच्या रांगेत भांडून मिळवलेलं पाणी ती मुंबईला घेऊन निघाली होती.

गोदीच्या फाटकावर भावाचं नाव सांगितलं, तशी शिपायानं यादी काढली. "इनके घरवाले तो अंदर गए. बीवी और ससुर."

मी पुन्हा विचारलं. त्यानं यादीवर बोट ठेवून दाखवलं. भावाचंच नाव, त्याच्यापुढं ती दोन नावं. आम्ही कुठंच नव्हतो. भावानं लग्न केलं होतं. बोलावणं राहू द्या, एका ओळीनं कळवलंही नव्हतं.

माय दोन पावलं मागं तांब्या सावरत उभी होती. मी वळले आणि तोंडाला येईल ते बोलले. "त्याच्या कागदावर जिल्हा उस्मानाबाद हाय, आपल्या रेशनकार्डावर लातूर. जुळंना, म्हणून सोडंनात."

मायनं तांब्याची फिरकी घट्ट केली. मग म्हणाली, "मंग पान्याकडून जाऊ."

पर्यटकांना फिरवणारा एक होडीवाला तयार झाला. "बघा मावशी, किती पाणी!" तो कौतुकानं म्हणाला.

"खारं हाय," माय म्हणाली.

जहाज आलं. करड्या रंगाचं, भलं मोठं. कठड्याला लागून पांढऱ्या कपड्यांतली माणसं ओळीनं उभी, सगळी एकसारखी. होडीवाला आणखी जवळ न्यायला तयार होईना. "आपला कोंचा?" मायनं विचारलं. मला कुणीच ओळखू येईना. तो वर होता की खाली यंत्रांपाशी, तेही माहीत नव्हतं. मी आपलं चौथ्याकडे बोट केलं.

माय उभी राहिली तशी होडी डुलली. होडीवाला ओरडला. तिनं तुकडा ओवाळला, पण चौथ्यावर थांबली नाही. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्या रांगेवरून हात फिरवला आणि भाकरी, पाणी समुद्रात टाकलं.

"सगळ्यायवरून कशाला?"

"कुनाचे तरी हायतच की," ती म्हणाली.

रांगेतल्या एकानंही मान वळवली नाही. लांब धक्क्यावर बँड वाजत होता, रंगीत साड्या दिसत होत्या. त्यातली एक माझी वहिनी असणार. मला भावाचा असा संताप आला की तो समोर असता तर मी त्याच्या थोबाडीत मारली असती.

तीन आठवड्यांनी त्याचं पत्र आलं. माय ज्वारी निवडत होती, मी वाचून दाखवलं. 'जहाज सुखरूप लागलं. धक्क्यावर सगळ्यांची माणसं आली होती, माझं कुणीच नव्हतं. दुष्काळात तुम्हाला त्रास नको म्हणून कळवलं नाही.'

मी पेन घेऊन बसले. ह्या खोटारड्याला फाटकावरचं सगळं लिहायचं, असं ठरवूनच बसले.

"काय लिहायलीस?" मायनं विचारलं.

"आपुन गेलो व्हतो त्ये."

"न्हाई. लिही, आमी घरीच व्हतो." तिनं ज्वारीतला खडा काढून बाजूला टाकला. "आन् सुनंचं कायी इचारू नको. त्याचं त्यो सांगंल तवा सांगंल."

मायला हिंदी कळत नाही, असं मी शिकलेली शहाणी धरून चालले होते. निजामाच्या राज्यात, उर्दू कानावर पडतच लहानाची मोठी झालेली बाई ती. शिपायाचा शब्द न् शब्द तिला कळला होता, आणि सगळं कळूनच ती होडीत उभी राहिली होती.

मी तिनं सांगितलं तसंच लिहिलं. त्यानंतर माय नऊ वर्षं जगली. त्यानं सांगितलं नाही.