सुमनने बांधलेलं घर

मैत्रिणींनो, आज सुमनला घेऊन सोनाळ्याला गेले. कॉन्व्हेंटमधली माझी मैत्रीण, आमच्या भागातली पहिली महिला इंजिनिअर. त्या गावातली गरिबांना परवडणारी नवी घरं तिच्याच कंपनीने बांधली.

पहिल्याच घरात खिडकीपर्यंत बीटी कापूस रचलेला. घरातली म्हातारी खुशीत म्हणाली, "घर लय मजबूत हाये, बाई. कापूस जराही भिजत नाही!"

सुमनने विचारलं, "आणि तुम्ही कुठे झोपता?"

"अंगणात. कापसाले भाव येईस्तोर. आत त्याच्यानं नातवाले खाज सुटते ना."

अंगणातल्या बाजेवर बाळंतीण सून बाळाला पदरात घेऊन थंडीत बसली होती.

परतताना सुमन एवढंच म्हणाली, "कापूस कुठे ठेवाल, हे मी विचारलंच नाही गं."

शाळेत तिचं उत्तर कधी चुकलं नव्हतं. मी नुसता तिचा हात धरला. तुम्ही काय म्हणाला असतात?