खिडकीपाशी थंड फरशी

लंडनच्या पिनर भागातल्या आमच्या जुन्या घरात जमिनीखाली हीटिंग बसवणारा फिटर इथेच वाढलेला मराठी माणूस होता. ‘ताई, दोन दिवस, मॅक्सिमम,’ हे त्याचं रोजचं पालुपद. तीन आठवडे आम्ही जिन्यात बसून जेवलो. एकदाच्या टाइल्स बसल्या, हीटिंग सुरू झालं. मग हा मोजे काढून खोलीभर अनवाणी फिरला आणि खिडकीपाशी थांबला.

‘इथे फरशी थंड राहिला. परत उखडायला लागेल.’

‘अहो, एवढ्याशा जागेनं काय होतंय? राहू द्या!’ मी वैतागून ओरडले.

‘पण ताई, आजीचा खुर्ची इथे असतो ना?’

सासूबाईंची ती खुर्ची त्यानं पहिल्या दिवशीच काय ती पाहिली होती. माझा संताप तसाच होता. तरी त्यानं छिन्नी उचलली, तेव्हा मी त्याला अडवलं नाही.