वीरगळावरचा शेंदूर

पोरीचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमधून उतरत होते. ‘आई, मला न्यायला या. मला नाही राहायचं इथं,’ एवढंच बोलली आणि रेंज गेली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. लेक रडतेय आणि आईला आनंद होतोय हे ऐकायला बरं वाटत नाही, पण झाला. चार महिन्यांपासून ती रायगडच्या किनाऱ्याला लागून असलेल्या एका अभयारण्यात वनरक्षक होती. कुठल्या ते सांगत नाही, तिची नोकरी आहे. मला ते रान पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. घराच्या दारात चाकणच्या एवढ्या कंपन्या. शिकलेल्या पोरीनं तिथं पंख्याखाली बसून काम करायचं सोडून बिबट्याच्या गावाला कशाला जायचं?

‘बिबट्या आपल्या उसात बी हाय की,’ असं तेव्हा आमचे हे म्हणाले होते. त्यांचं सगळं माझ्या उलट. भरतीच्या धावण्याची तयारी त्यांनीच करून घेतली. पहाटे एमआयडीसीच्या रस्त्याला उभ्या कंटेनरच्या कडेनं पोर पळायची आणि हे मागून स्कूटरवर, ‘दम सोडू नगं, दम सोडू नगं’ करत. निवड झाली तेव्हा ह्यांनी अख्ख्या शिफ्टला पेढे वाटले. सुपरवायझरला दोनदा. त्यामुळे पोरीला परत आणायचं म्हटल्यावर यांचं तोंड एवढंसं झालं. मी मात्र त्याच संध्याकाळी तिची गादी गच्चीवर उन्हाला टाकायचं ठरवलं, आणि आमच्या कंपनीतल्या मॅडमच्या कानावर घातलं की माझी मुलगी येतेय, कुठं जागा निघाली तर बघा.

गुरुवारी निघालो. आमच्या पट्ट्यात गुरुवार म्हणजेच रविवार, कंपन्यांची सुट्टी तेव्हाच. यांच्या मित्राची गाडी मागून घेतली. तळेगावपर्यंत हे गप्प, खोपोलीचा घाट उतरेपर्यंत गप्प. पेणच्या पुढं एका दुकानाशी गाडी थांबवून नारळ घेतला. मी विचारलं, हे कशाला? ‘असू दे,’ म्हणाले. मीही पुढं विचारलं नाही. रुसलेल्या माणसाला फार विचारू नये, डोक्यावर बसतो.

अभयारण्याच्या फाटकाशी ती उभी होती. खाकी पँट, खाकी शर्ट, पायात बूट, केस घट्ट बांधलेले. वाळली होती. डोळे सुजलेले. मला बिलगली तेव्हा तिच्या शर्टाला पालापाचोळ्याचा आणि घामाचा वास येत होता. ‘चल, सामान आवर,’ मी लगेच म्हणाले. ती म्हणाली, ‘ड्युटी पाचला सुटते. साहेबांना राजीनाम्याचं आज सांगते. तोवर चला, माझं जंगल बघून घ्या.’ ‘माझं जंगल’ हे शब्द मला खटकले, पण मी तिकडं लक्ष दिलं नाही.

ते रान आमच्याकडच्या डोंगरासारखं उघडंबोडकं नाही. झाडंच झाडं, वर बघावं तर आभाळाचा तुकडा कुठंतरी. मनगटाएवढे जाड वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेले. त्यातल्या एकाला हातभर लांबीच्या शेंगा. ‘गारंबी,’ ती म्हणाली. वर काहीतरी खुसपुसलं. तांबूस रंगाचं, मांजराएवढं आणि शेपटीनं त्याहून लांब. शेकरू. पोर मान वर करून बघतच राहिली, जणू तीच पहिल्यांदा बघत होती. चढ संपला तसा वाऱ्याला खारट वास आला आणि झाडांच्या फटींतून समुद्र दिसला. मी आयुष्यात समुद्र दोनदाच पाहिलेला, तोही माणसांच्या गर्दीतून. इथं तो आमच्या तिघांपुरता होता. मला आवडला. हे मी तेव्हा बोलले नाही.

चालता चालता तिनं काय झालं ते सांगितलं. वर टेकडीवर जुन्या काळचं एक ठाणं आहे. पडका तट, एक चौथरा, दगडात खोदलेलं पाण्याचं टाकं. त्याच्या शेजारी एक वीरगळ उभा आहे. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या नावानं उभा केलेला कोरीव दगड. असे आमच्या गावाकडंही आहेत, पण त्यांच्यावर घोडे आणि तलवारी असतात. इथल्या दगडाच्या खालच्या पट्टीत होडी कोरलेली आहे, वल्ह्यांसकट. पाण्यावर लढून मेलेला माणूस. पोर त्या दगडाच्या प्रेमात पडली होती. मागच्या महिन्यात काही पोरं सहलीला आली आणि तटावर खिळ्यानं आपली नावं कोरायला लागली. हिनं अडवलं तर हसली. हिनं साहेबांना बोलावून पोरांचे जबाब घ्यायला लावले, तर त्यांनी खोटी नावं सांगितली आणि जाताना हिचीच नक्कल करत गेली. त्यानंतर कुणी तटावर चढलं, कुणी गाणी लावली, हिच्या तोंडून शब्दच फुटेना. ‘माझं कुणी ऐकत नाही, आई. मी ओरडले तरी त्यांना वाटतं, कुणाची तरी पोरगी ड्रेस घालून उभी आहे.’

हे खाली बघून चालत होते. ‘त्या पोरांच्या कानाखाली वाजवायला पायजे व्हती,’ एवढंच म्हणाले.

ठाण्यावर पोचलो तेव्हा तिथं एक कुटुंब आलेलं होतं. नवरा-बायको, दोन लहान मुलं, सोबत फरसाण. मी चौथऱ्याखाली सावलीत डबा उघडला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत, पोरीला आवडतात म्हणून पुरणपोळ्या. तिनं पहिला घास घेतला आणि माझ्याकडं बघून हसली. किती दिवसांनी तिला जेवताना बघत होते! आता रोज बघायचं, असं मनात आलं. हे ‘हात धुऊन येतो’ म्हणून टाक्याकडं गेले होते, ते येईनात.

तेवढ्यात नारळ फुटल्याचा आवाज आला.

पोर ताटावरून उठली ती पळतच गेली. मी मागून. वीरगळासमोर हे उकिडवे बसलेले, चपला लांब काढून ठेवलेल्या. तेलाची बाटली आणि शेंदराची पुडी त्यांनी घरूनच खिशात आणली होती, नारळ तेवढा वाटेत घेतला होता. होडीच्या पट्टीवर शेंदूर माखलेला, वल्ही दिसेनाशी झालेली, तेल ओघळून खालपर्यंत आलेलं. आणि हे हात जोडून दगडाशी बोलत होते, ‘चार महिनं माझं लेकरू सांभाळलंस, बाबा. आज तिला न्हेतो. तुझ्या हद्दीत काय चुकलंमाकलं असंल तर पोटात घाल.’

यांच्या मनानं यात काही चूक नव्हती. आमच्याकडं ही रीतच आहे. परक्या शिवारात आपलं माणूस राहिलं, तर निघताना त्या शिवाराच्या देवाला तेल-शेंदूर लावून निरोप घ्यायचा. आमच्या गावच्या राईतल्या दगडांवर तर शेंदराचे थर इतके चढलेत की मूळचा दगड कुणी पाहिलेला नाही. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना सासऱ्यांनी माझ्या हातून तसंच करून घेतलं होतं. दगड दिसला आणि तो रानाच्या कडेला उभा असला, की यांचा हात आपोआप खिशाकडं जातो.

‘आप्पा, थांबा. हात लावू नका आता,’ पोर म्हणाली.

यांना वाटलं, पोर भावुक झाली. ‘झालंच बग, खोबरं घे,’ म्हणाले. मग तिचा चेहरा बघून बोलायचे थांबले. गडबडीनं गळ्यातला टॉवेल काढून दगड पुसायला गेले, तर ती जोरात ओरडली, ‘पुसू नका! रगडलं तर कोरीव काम जाईल. मागं व्हा.’

हे मागं झाले. ते कुटुंब येऊन बघायला लागलं. लहान मुलगा प्रसादाच्या खोबऱ्याकडं बघत होता. आमच्या घरात यांच्यावर आवाज चढवायची हिंमत मीसुद्धा जपून करते, आणि इथं चार लोकांसमोर पोटच्या पोरीनं केली होती. मी तिच्या जवळ जाऊन हळूच म्हणाले, ‘राहू दे. नाहीतरी संध्याकाळी निघायचंय आपल्याला. कुणाला काय कळतंय?’

तिनं माझ्याकडं पाहिलं. कमरेचा वायरलेस काढला आणि बोलायला लागली. ‘साहेब, ठाण्यावरच्या वीरगळाला तेल-शेंदूर लावलाय. हो, आत्ताच. होडीच्या पट्टीवर. माणूस इथंच आहे.’ पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिनं यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, ‘माझे वडील आहेत, साहेब.’

साहेब येईपर्यंत डब्यावर मुंग्या चढल्या. साहेब आले, वयस्कर, कोकणातले, घामाघूम. दगड बघून च् च् केलं, यांना नमस्कार केला आणि पोरीला बाजूला घेऊन म्हणाले, ‘अगो, घरचीच माणसं. नको वाढवूस. सोडून दे.’ मला तो माणूस देवासारखा वाटला.

पोर म्हणाली, ‘साहेब, त्या पोरांचा जबाब घ्यायला मीच लावलं होतं ना तुम्हाला? मग आज सोडलं तर ती पोरं हसली ते बरोबरच होतं.’

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि कागद काढला. आता यांचा स्फोट होणार, असं मला वाटलं. हे उठले. पँटीचा पालापाचोळा झटकला. शर्टाचं वरचं बटण लावलं. साहेबांनी नाव विचारलं तसं यांनी स्वतःचं, वडिलांचं, आडनावासकट पूर्ण नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, मोठ्यानं, समोरच्या कुटुंबालाही ऐकू जाईल असं. गाव, तालुका खेड, जिल्हा पुणे. ‘काय केलंत?’ असं विचारल्यावर म्हणाले, ‘दगडाला शेंदूर लावला. मला म्हाईत नव्हतं. ह्या मॅडमनी अडवलं, मंग कळलं. जो काय दंड आसंल तो लावा. ल्हिवा, खरं नाव ल्हिवा.’

मी आजवर या माणसाला चूक कबूल करताना पाहिलेलं नाही. लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी ती ताठ उभी होती. त्या बाईनं, फरसाणवालीनं, तटावर चढलेल्या आपल्या पोरांना कुणी न सांगता खाली उतरवलं.

दगडाला पुढं काय करायचं ते जाणकार येऊन ठरवणार होते. तोवर तिथं दोरी बांधून पहारा ठेवायचा, असं साहेब म्हणाले. पोरीनं लगेच दोरी आणली. हे तिला खुंट ठोकून द्यायला लागले. बापलेक एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते, ‘इकडं ओढ,’ ‘अजून जरा.’ मी चौथऱ्यावर बसून बघत होते, आणि मला कळून चुकलं की ही पोर आज आमच्या गाडीत बसणार नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आणि त्याचबरोबर असं वाटलं की ही माझी पोरगी आहे हे कुणालातरी ओरडून सांगावं, पण साहेब आणि ते कुटुंब एव्हाना निघून गेले होते, तिथं सांगायला समुद्राशिवाय कुणी नव्हतं.

पाच वाजले. तिनं राजीनाम्याचा विषय काढला नाही, आम्हीही नाही. तिची खोली बघितली, उरलेल्या पुरणपोळ्या तिच्या डब्यात घातल्या, लोणच्याची बरणी ठेवली. मॅडमना उद्या काय सांगायचं याचा विचार मी करत होते. खोलीबाहेर हे बूट घासायच्या ब्रशनं तिचे चिखलाचे बूट साफ करत बसले होते.

गाडी फाटकाशी आली तेव्हा, ड्युटी सुटली तरी, आमच्या आधी येऊन तीच आडव्या दांड्याजवळ उभी होती. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाडीला विचारायचा नियम आहे म्हणे. ती खिडकीशी वाकली. आवाज नेहमीच्या ड्युटीचा ठेवायचा तिनं खूप प्रयत्न केला.

‘जंगलातलं काही बरोबर नेताय का?’

यांनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलून तिला रिकामे दाखवले. तळव्यांच्या रेषांत अजून शेंदूर होता.

‘न्यायला आलो व्हतो, मॅडम,’ हे म्हणाले. ‘पर न्हाई न्हेत.’

तिनं दांडा वर केला.