साबुदाणा आणि नाचणी

लग्न होऊन मी श्रीवर्धनला आले ते पन्नास सालानंतर थोड्याच वर्षांनी. मागे पोफळीची वाडी, पुढे शाळामास्तर नवरा आणि मध्ये सासूबाई. सासरे वारले होते. सासूबाई पन्नाशीच्या. रात्रीचं जेवण त्यांनी विधवा झाल्यावर सोडलेलं आणि दिवसाचं उपासांनी गिळलेलं. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन एकादशा, चतुर्थी. देवांनी आठवडा आपापसांत वाटून घेतला होता, आमच्या वाट्याला फारसे वार शिल्लकच नव्हते. त्यांच्याबरोबर मीही उपास धरत असे. नव्या सुनेला कोण विचारतं?

उपासाला साबुदाणा. उपास नसेल तेव्हा पांढराशुभ्र भात, त्यावर वरण, आमटी नावाचं पिवळं पाणी आणि लोणच्याची फोड. भाजी नवऱ्याच्या पानात. तो शाळेत मुलांना आरोग्याचा धडा शिकवायचा. फळ्यावर गाजर, दूध, पालेभाजी असं सगळं काढायचा, आणि घरी येऊन तीन वेळा भात घ्यायचा.

दुसऱ्या वर्षी चैत्रातल्या हळदीकुंकवात मी कैरीच्या डाळीचं ताट घेऊन बायकांमधून फिरत होते. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी ताटासकट मामलेदारीणबाईंच्या मांडीवर कोसळले. त्यांचं नवं लुगडं डाळीने माखलं. शुद्धीवर आले तर सगळ्या बायका हसत होत्या. त्यांनी आपसांत ठरवूनच टाकलं होतं, गोड बातमी आहे म्हणून. मामलेदारीणबाई तेवढ्या हसत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सासूबाई मला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी माझी पापणी खाली ओढली, नखं पाहिली.

"काय खाता?"

मी सोमवारपासून सुरुवात केली. रविवारपर्यंत ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बरं. आणि जेवता कधी?"

मी सासूबाईंकडे पाहिलं.

"गोड बातमी वगैरे काही नाही. अंगात रक्तच नाही तुमच्या, साबुदाणा वाहतोय नुसता. नाचणीची भाकरी खा, पालेभाजी खा, मोडाची कडधान्यं, हळीव, गूळ. अंडं चालत असेल तर..."

अंडं हा शब्द ऐकताच सासूबाईंनी पदर नाकाला लावला, जणू ते तिथेच फुटलं होतं. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "गूळ खा हवा तर. नाचणी काय, गडीमाणसं खातात."

आता गडीमाणसं आमच्याच वाडीत होती. शिंपण्याला एक बाई यायची, माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठी. सकाळपासून पाणी द्यायची, झावळ्या ओढायची, आणि दुपारी विहिरीच्या पलीकडे बसून फडक्यातली नाचणीची भाकरी सोडायची. बरोबर लाल माठाची भाजी नाहीतर सुकट. मी एक दिवस तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"माझा भात घे, मला तुझी भाकरी दे."

ती घाबरली. "वैनी, म्हातारीला कललं तर मला वाडीत ठेवायची न्हाय."

"कळणार कसं?"

पांढरा भात तिच्या घरी सणालाच शिजायचा. ती कबूल झाली. मी पोफळीआड बसून भाकरी खाल्ली. माठाची भाजी खाल्ली. तिसऱ्या दिवशी सुकटही खाल्ली. हे आजवर मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. देवाला माहीत असेल, पण त्यानेही कधी विषय काढला नाही.

आठवडा बरा गेला. मग एके दुपारी मी पडवीत तांदूळ निवडत असताना ती बाई मागच्या दारात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता सासूबाईंना म्हणाली, "आई, वैनींना सांगा, माजी भाकरी मला परत द्या. तुमचा भात चांगला हाय, पन पोटात ऱ्हात न्हाय. दोन वाजले का हातपाय गलतात. कलशी उचलवत न्हाय. काम झालं न्हाय तर तसंबी तुमी मला वाडीत ठेवायच्या न्हाय."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आता मला डोक्यावरून अंघोळ, मग गोमूत्र, मग माहेरी पत्र, असा सगळा क्रम मला दिसू लागला. अंघोळ झालीच, तीही लगेच विहिरीवर, दोन घागरी. पण मी ओल्या लुगड्याने परत आले तर सासूबाई अजून दारातच होत्या आणि त्या बाईला विचारत होत्या,

"दोन वाजताच गळतात?"

"व्हय."

"गुडघ्यापासून? मुंग्या येतात?"

"व्हय, आई. भाकरी खाल्ली का न्हाय होत."

सासूबाई उंबऱ्यावर बसल्या. "मला वाटायचं, माझं वय झालं," त्या म्हणाल्या. "पंचविशीपासून वाटतंय."

मला त्यांचा फार राग यायचा, पण त्या दिवशी आला नाही.

चार दिवसांनी घरात नाचणी आली. दळायला मी आणि थापायला शिकवायला ती बाई, अंगणातून, लांब उभी राहून. सासूबाईंची पहिली भाकरी तव्यावरच तुटली. दुसरी काळी झाली. तिसरी त्यांनी माठाच्या भाजीशी खाल्ली आणि चौथी मागितली. पुढे शेवग्याचा पाला, मोडाची मटकी, कुळथाचं पिठलं असं एकेक येत गेलं. माझ्या पानातही भाजी पडू लागली. बाईला आमच्याकडून रोज वाटीभर उसळ जायची. तिची भाकरी तिच्याकडेच राहिली. शनिवारचा उपास सासूबाईंनी सोडला. शनीला राग येईल का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "येऊ दे. त्याचं काय हातपाय गळतात?"

पावसाळा संपेपर्यंत माझी चक्कर थांबली. सासूबाई दुपारी आडव्या होईनाशा झाल्या आणि त्यामुळे माझी दुपारची झोप कायमची गेली.

त्यांनी मुंबईच्या लेकीला कौतुकाने पत्र लिहिलं, की आम्ही आता नाचणी खातो, तूही खा. नणंदेला वाटलं, भावाची नोकरी गेली. तिने रडत रडत ओळखीच्या माणसाबरोबर बोटीने पिशवीभर आंबेमोहोर तांदूळ पाठवला. सासूबाईंनी पिशवी उघडली, वास घेतला आणि माझ्या हातात दिली.

"नैवेद्याला ठेव," त्या म्हणाल्या. "देवाला चालेल. त्याला कुठे काम असतं?"