सहा खाटांची सिस्टर

एका परिचारिकेच्या मनात एका वेळी किती रुग्ण मावतात? प्रश्न साधा दिसतो. त्यावर शिफारशी आहेत, निकष आहेत, आणि तरीही प्रस्तुत लेखकाला त्याचं उत्तर देता आलेलं नाही. दिपमाला सपकाळे यांनाही ते देता आलं नसतं. त्यांच्या वॉर्डात एका वर्षी जे घडलं, त्यानं उत्तर मिळालं नाही. पण प्रश्न कुठून विचारायचा, ती जागा मात्र बदलली.

सपकाळे सिस्टर जळगावात मेहरूणला राहत आणि रोज सकाळी एस.टी.नं धुळ्याच्या रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात जात. पुरुषांच्या शस्त्रक्रिया वॉर्डाच्या त्या इन्चार्ज. तीस खाटा आणि गर्दी झाली की खाली गाद्या. एवढ्या पसाऱ्याला एका पाळीत एक, फार तर दोन सिस्टर. त्यामुळे अर्धी शुश्रूषा नातेवाइकांनी करायची, हे कुणी न ठरवताच ठरलेलं होतं. सलाईन संपत आली की पेशंटजवळचं माणूस हाक मारी. शेजारच्या खाटेची बाटलीही तेच बघे. सिस्टर धावत येत, वाटेत चार जणांचं ऐकत, दोघांना रागावत आणि पुढे जात. माणसं वाढवून द्या, हे मागणं त्यांनी नोकरीभर केलं होतं. उत्तराची अपेक्षा मात्र कधीच सोडून दिली होती.

जानेवारी २०२४ मध्ये ती माणसं खरोखरच आली. सहा रुग्णांमागे एक परिचारिका हे प्रमाण प्रयोग म्हणून एकाच वॉर्डात लागू करायचं ठरलं आणि वॉर्ड निवडला गेला तो त्यांचा. इतर रुग्णालयांतून परिचारिका तात्पुरत्या वर्ग झाल्या. सहा महिन्यांनी नाशिकहून आरोग्य खात्याचं तपासणी पथक येणार होतं. फरक दिसला तर माणसं राहणार, नाही दिसला तर आली तशी परत जाणार. वैद्यकीय अधीक्षकांनी ही अट सहज सांगितली. सिस्टरांना मात्र तिचा दुसरा अर्थ लगेच उमगला. ही माणसं परत गेली तर पुन्हा कुणाला मागायला तोंड राहणार नव्हतं. देऊन पाहिली, उपयोग झाला नाही, असं कायमचं म्हटलं गेलं असतं.

पहिल्याच सकाळी पाच जणांनी कामं वाटून घेतली, आणि ती सर्वत्र वाटतात तशीच वाटली. एकीनं बी.पी. आणि ताप पाहायचा, एकीनं सलाईन, एकीनं ड्रेसिंग, एकीनं केसपेपर. इंजेक्शनं योगराजकडे. हा नंदुरबारकडून आलेला ब्रदर, त्याचा हात इतका हलका की पेशंट सुई टोचून झाल्यावर विचारत, "आते टोचशी ना, भाऊ?" ट्रॉल्या एकामागून एक फिरत. नऊच्या आत सगळं आटोपे. पाहणाऱ्याला वाटावं, यंत्राला तेल मिळालं.

तरीही तक्रारी थांबेनात. त्यांचं स्वरूपही चमत्कारिक होतं. पूर्वी लोक म्हणत, सिस्टर येत नाही. आता म्हणू लागले, सिस्टर येतात, पण कुणी ऐकत नाही. सपकाळे सिस्टरांना याचा राग आला नाही, नवल वाटलं. माणसं पाचपट झाली, मग ऐकणारं माणूस गेलं कुठं?

एप्रिलमध्ये भाईदास नानांची खाट आली. असोद्याचे शेतकरी, पण शस्त्रक्रियेला सासुरवाडीच्या या रुग्णालयात आलेले, कारण बायकोच्या माहेरून डबा येणार होता. सकाळी हर्नियाचं ऑपरेशन झालं. कमरेखालची भूल उतरली, पाय हलले, बी.पी. उत्तम, सलाईन चालू, इंजेक्शन वेळेवर, पेपर पूर्ण. संध्याकाळच्या राउंडला डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि नाना कळवळले. लघवी तुंबून ओटीपोट फुगलं होतं. नळी घातली; घटकाभरात नानांचा चेहरा निवळला आणि त्यांनी चहा मागितला. इजा काही झाली नाही. पण सपकाळे सिस्टरांनी मंजुळाबाईंना, म्हणजे नानांच्या बायकोला, बाजूला घेतलं.

"मावशी, तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"बठ्ठासले सांगं ना बाई!" मंजुळाबाई उसळल्या. "बीपीवालीले सांगं, बाटलीवालीले सांगं, त्या सुईवाला भाऊले भी सांगं. जो तो म्हणे, सांगतो हां. पह्यले मना भाऊ आठेच व्हता, तैं एकच सिस्टर व्हती. कावे, पण तिलेच सांगाना लागे. आते मी कोणले सांगू? तुम्हीच सांगा, हाऊ माणूस कोणना शे?"

हा माणूस कोणाचा आहे? परतीच्या एस.टी.त सिस्टर हाच प्रश्न घेऊन बसल्या. खोटं कुणीच बोललं नव्हतं. प्रत्येकीनं आपलं काम केलं होतं आणि निरोप पुढचीला सांगितलाही असावा. परंतु लघवीची ट्रॉली अशी कोणतीच नव्हती. पूर्वी चाळीस जणांचं ओझं एकीच्या डोक्यावर असे. त्यातून पुष्कळ सांडे, हे त्या विसरल्या नव्हत्या. पण जे होतं ते एकाच डोक्यात होतं. आता माणूसच पाच तुकड्यांत वाटला गेला होता. वाढवलेल्या परिचारिका त्यांनी कामांमागे लावल्या होत्या, रुग्णांमागे नव्हे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रॉल्या एका भिंतीला लावल्या आणि खाटा वाटल्या. ज्याच्या वाट्याला ज्या सहा खाटा, त्यांचं सुईपासून चादरीपर्यंत सगळं त्यानंच करायचं.

"म्हणजे मी आता चादरी बदलू?" योगराज म्हणाला. "अक्का, हा हात सुईसाठी आहे."

"चादर बदलताना तो गळून पडत नाही," सिस्टर म्हणाल्या.

देवपूरहून येणारी मयुरी, सर्वांत नवखी, हळूच म्हणाली, "सिस्टर, मला शीर पटकन सापडत नाही. पेशंट ओरडतील."

"ओरडतील. योगराज शेजारी उभा राहील. पण टोचशील तूच."

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. नऊला आटोपणारं काम अकरापर्यंत रेंगाळू लागलं. मयुरीच्या खाटांवरून बोंब उठे, "आमले सुईवाला भाऊ द्या!" अधीक्षक एकदा दारातच थांबले.

"सपकाळे सिस्टर, पथक जूनमध्ये येतंय. त्यांना घड्याळ कळतं. आधीचं छान चाललं होतं."

"दिसत छान होतं, सर."

"आणि तेच तर पाहायला येतायत ना ते?"

अधीक्षकांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे सिस्टरांना ठाऊक होतं. ट्रॉल्यांची पद्धत पथकाला आवडली असती आणि माणसं बहुधा राहिली असती. तीच गोष्ट त्यांना खटकत होती. माणसं राहतील, पण मंजुळाबाईंनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नसेल. मग ती राहिली काय आणि गेली काय? त्या दिवशी त्यांनी ट्रॉल्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि त्या जागच्या हलवल्या नाहीत.

हळूहळू वॉर्डाच्या बोलण्यात एक नवाच शब्दप्रयोग आला. नातेवाईक 'आमनी सिस्टर' म्हणू लागले. खाटाखाटांत त्यावरून कुरबुरी होत. "तुमनी सिस्टर हासतबी नही," असं एक म्हणे, दुसरा म्हणे, "हासत नही, पण इचारस तरी." योगराजला त्याच्या सहांपैकी एकानं मुलीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं. तो चादरी अजूनही वाकड्याच घालत असे. मयुरीला शीर सापडू लागली. न सापडली तर ती स्वतःच योगराजला हाक मारी. कोणाला कोणतं दुखणं हे आता परिचारिका न विचारता सांगत, आणि सपकाळे सिस्टरांना वाटे, हे किती जणांपर्यंत टिकेल? सहा? आठ? गर्दीच्या दिवशी खाटा वाढल्या की मयुरीच्या चेहऱ्यावर तो आकडा दिसे. पण प्रत्येकाचा आकडा वेगळा असे.

जूनमध्ये पथक आलं तेव्हा साडेदहा झाले होते आणि दोन ड्रेसिंग बाकी होती. पथकातल्या बाईंनी घड्याळ पाहिलं. अधीक्षकांनी सिस्टरांकडे पाहिलं. मग बाई योगराजपाशी थांबल्या.

"तुमच्या रुग्णांपैकी आज कोणाची काळजी वाटते?"

"तोताराम आबांची," तो चादर हातात धरूनच म्हणाला. "काल दिवसभर बोलत होते. आज गप्प आहेत. ताप नाही, टाके चांगले आहेत. पण गप्प आहेत."

बाई तोताराम आबांकडे वळल्या. त्यांनी दोनदा विचारल्यावर आबांनी तोंड उघडलं. पोरानं त्यांना न विचारता कापूस विकला होता, म्हणून त्यांनी घरच्यांशी बोलणं टाकलं होतं, आणि घरच्यांसोबत साऱ्या जगाशीही. बाई हसल्या. योगराज ओशाळला.

"म्हणजे आजार नव्हता," त्या म्हणाल्या.

"नव्हता मॅडम," सपकाळे सिस्टर म्हणाल्या. "पण असता तरी आम्हाला आत्ताच कळला असता."

बाईंनी उरलेला वॉर्ड पाहिला. मात्र ट्रॉल्यांकडे न पाहता खाटांकडे पाहिला, आणि प्रत्येक परिचारिकेला तोच प्रश्न विचारला. मयुरीनं दोन नावं सांगितली. एका परिचारिकेला एकही सांगता आलं नाही, तेही त्यांनी ऐकून घेतलं. जाताना उशिरा होणाऱ्या कामाबद्दल त्या अधीक्षकांना स्पष्ट बोलल्या. सिस्टर ते ऐकत उभ्या राहिल्या आणि त्या दिवशी घरी जाताना माणसं गेली असंच धरून चालल्या.

ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या आदेशानं सकाळच्या आणि दुपारच्या पाळीतल्या परिचारिका त्या वॉर्डात कायम झाल्या; रात्रपाळीच्या परत गेल्या. दिपमाला सपकाळे ३१ मे २०२५ रोजी सेवानिवृत्त झाल्या, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून स्त्रियांच्या वॉर्डातही खाटा परिचारिकांत वाटून दिल्या जाऊ लागल्या.