बांडगूळ काढून टाका

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी निघाली, तेव्हा मी कॉलेजातली मराठी शिकवायची नोकरी सोडून घरीच बसलो होतो. मालकांचा मूळ धंदा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा. गेमला गोष्ट लागते असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं, म्हणून मला बोलावलं. गोष्ट हवी होती नॉर्स देवांची, म्हणजे युरोपच्या उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात पूर्वी पुजल्या जाणाऱ्या देवांची. इथं बसून तिकडचे देव कशाला, असं मी विचारलं.

"सर, आपल्या देवाला हात लावला की लोक दगूड घिऊन दारात येत्यात. त्या देवांचं हितं कोण हाय?"

माणूस हुशार आहे असं मला तेव्हा वाटलं. तो गैरसमज लवकरच फिटला.

मी त्या कथा वाचू लागलो आणि एकीपाशी थांबलो. एका देवाला स्वतःच्या मरणाची स्वप्नं पडू लागतात. त्याची आई घाबरते. आग, पाणी, लोखंड, दगड, रोगराई, सगळ्यांकडून शपथ घेते की माझ्या पोराला इजा करणार नाही. मग त्याला काहीच लागेनासं होतं, आणि बाकीचे देव गंमत म्हणून त्याच्यावर कुऱ्हाडी, दगड फेकून हसत बसतात. पण झाडावर वाढणाऱ्या कोवळ्या बांडगुळाकडून शपथ घ्यायची आईनं सोडलेली असते. ते एवढंसं, काय करणार? एक कपटी देव त्याच बांडगुळाची काडी त्या पोराच्या आंधळ्या भावाच्या हातात देतो. भाऊ खेळ समजून फेकतो आणि पोरगा मरतो.

आमच्याकडं चित्रं हलती करणारी एक मुलगी होती, कुरुंदवाडची. कामापुरतं बोलायची. तिला मी ही कथा सांगितली तर ती पार गुंतून गेली. आई जमिनीवर बसून दगडाशी बोलते, ओढ्याशी बोलते, असं तिनं काढलं होतं. शेवटी काडी लागते तेव्हा देव हसता हसता गप्प होतात आणि आंधळा भाऊ एकटाच हसत राहतो. ते मी तिला पुन्हा दाखवायला लावलं.

मालकांनी ते खुर्चीत रेलून पाहिलं.

"देव मरतोय व्हय?"

"हो. तीच तर गोष्ट आहे," मी म्हणालो.

"मराय न्हाय पायजे. आपला देव एकदम कडक पायजे. कायबी हाणा, लागणारच न्हाय. ते बांडगूळ काढून टाका."

मुलगी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "बांडगूळ काढलं तर आईनं शपथा घेऊन काय व्हनार? ती कशापायी हाय मग?"

मालकांनी क्षणभर विचार केला. खरोखर केला, मी पाहत होतो.

"मग आई पण काढा," ते म्हणाले.

काढली. आंधळा भाऊही काढला. उरला तो पिळदार दंडांचा, सोनेरी दाढीचा एक ठोंब्या, ज्याला कशानंच काही होत नव्हतं. खेळून बघणारे कंटाळले. देव हरतच नाही, अशी त्यांची तक्रार. त्यावर मालकांनी तोडगा काढला: खेळणाऱ्यालाही काही लागायचं नाही. दोघंही अमर!

मग एका हॉलमध्ये समारंभ झाला. नारळ फुटला, भाषणं झाली, आणि मालकांचे मुरगूडचे मेहुणे पहिले खेळायला बसले. गडी तालमीतला. त्यांनी हातोडा हाणला, देवानं भाला हाणला. पुन्हा हातोडा, पुन्हा भाला. असं बराच वेळ चाललं. शेवटी मेहुण्यांनी वळून विचारलं, "दाजी, ह्यो मरंना, म्या बी मरंना. कुस्ती सोडवायची कुणी?"

"त्येच तर हाय की आपलं!" मालक छाती काढून म्हणाले.

मेहुणे उठून जेवायला गेले. मागोमाग सगळे गेले. पांढरा रस्सा वाढला जात असताना मोकळ्या खुर्च्यांपुढं मोठ्या पडद्यावर ते दोन अमर एकमेकांसमोर नुसते उभे होते.

गेम पडला. गोष्ट कमी पडली, असं मालक अजून लोकांना सांगतात. गोष्ट काढून टाकल्यावर ती कमी पडणारच, पण हे त्यांना सांगायच्या भानगडीत मी पडलो नाही. मी आणि ती मुलगी एकाच आठवड्यात तिथून बाहेर पडलो.

पुढं एका कामानिमित्त मी कुरुंदवाडला तिच्या घरी गेलो होतो. तिनं तो कापलेला तुकडा जपून ठेवला होता. तिच्या आईला तो लॅपटॉपवर दाखवला. बाई चहाचा कप हातात धरून शेवटपर्यंत बघत राहिल्या. मग मला विचारलं, "त्या आंधळ्याचं काय झालं वो?"

"सूड म्हणून देवांनी त्यालाही मारलं."

"त्येला कशाला?" त्या एवढ्या चिडल्या की जणू मीच मारलं होतं. "त्येला दिसत हुतं व्हय?"

मुलगी लॅपटॉप पुढं ओढून आंधळ्या भावाचा चेहरा पुन्हा निरखत बसली होती.